पाठीतलं पाणी मेंदूबद्दल काय सांगतं?

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमधून एकसारख्या बातम्या येत होत्या. संध्याकाळपर्यंत खेळणारं पोर रात्री तापानं फणफणलं, पहाटे उलट्या, मग झटके, आणि दुसऱ्या दिवशी बेशुद्ध. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वरासारख्या आजाराचे २४५ रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले ८२ दगावले. ६४ जणांत चांदीपुरा विषाणू सापडला. ते नाव वाचून आम्हा नागपूरकडच्या लोकांच्या पोटात कालवलं, कारण हे चांदीपुरा आमच्याकडचं. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या एनआयव्हीतल्या, शास्त्रज्ञांना तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात हा विषाणू मिळाला आणि त्याला गावाचं नाव लागलं.

या आकड्यांकडे जरा थांबून बघा. २४५ पैकी ६४. बाकीच्यांमध्ये या विषाणूची खात्री झाली नाही. मेंदूज्वरात असं नेहमी होतं. कितीतरी रुग्णांत खरा जंतू शेवटपर्यंत हाती लागत नाही. पण मूल समोर झटके देत असताना डॉक्टरांना जंतूचं नाव कळेपर्यंत थांबता येत नाही. मेंदूत आग लागली आहे का, कशा प्रकारची आहे, वाढते आहे की विझते आहे, हे त्यांना आजच्या आज कळायला हवं असतं. ते सांगणाऱ्या खुणा बऱ्याचदा एकाच ठिकाणी मिळतात, पाठीतल्या पाण्यात.

मी प्रयोगशाळेत काम करते आणि हे पाणी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. नातेवाईक रिपोर्ट घ्यायला खिडकीशी येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न असतो, या आकड्यांचा अर्थ काय? एक आजी तर नमुना द्यायच्या आधीच आल्या होत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मॅडम, पाणी काढलं तं पोट्टं लुळं पडते म्हन्तात, खरं काय?" तिथूनच सुरुवात करते, कारण या भीतीपायी हातचे मोलाचे तास जातात.

पाणी काढल्यानं माणूस लुळा पडतो का?

नाही. मेंदू आणि त्याला जोडलेला मज्जारज्जू कवटीत आणि मणक्यांच्या पोकळीत एका नितळ पाण्यात तरंगत असतात. या पाण्याला डॉक्टर सीएसएफ म्हणतात. मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण १५० मिली असतं. शरीर मात्र दिवसाला सुमारे ५०० मिली तयार करतं, म्हणजे हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बदलतं. तपासणीसाठी लागतं ते चमचा-दोन चमचे. तेवढं अर्ध्या तासात भरून निघतं.

सुईचं म्हणाल, तर मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली घालतात. तिथे फक्त सुट्या नसा घोड्याच्या शेपटीसारख्या पाण्यात लोंबत असतात आणि सुई आली की बाजूला सरकतात. १८९१ मध्ये जर्मनीच्या हाइनरिख क्विंके यांनी ही पद्धत मांडली, आणि ती आजही जवळपास तशीच आहे.

त्रास अगदी होतच नाही असं मी म्हणणार नाही. काहींचं डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त आणि आडवं झालं की कमी. ते सहसा काही दिवसांत थांबतं. आणि काही वेळा डॉक्टर स्वतःच थांबतात. कवटीतला दाब वाढल्याची लक्षणं असतील तर आधी सीटी स्कॅन करतात. डेंग्यूत प्लेटलेट खूप घसरल्या असतील तरी सुई घालत नाहीत, कारण रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर "आत्ता नको" म्हणाले तर त्यामागे असं कारण असतं. मग लुळेपणाची बदनामी या सुईला का चिकटली? मेंदूज्वरानंच काही मुलांचे हातपाय लुळे पडतात, आणि त्याआधी पाणी काढलेलं असतं. त्यामुळे दोष सुईवर जातो.

आग लावतं कोण?

आमच्याकडे उन्हाळ्यात शेतकरी धुरे पेटवतात. धुरा म्हणजे शेताचा बांध. काडीकचरा जळावा, शेत साफ व्हावं, एवढाच हेतू असतो. पण वारा फिरला की तीच आग शेजारच्या उभ्या गव्हात शिरते.

मेंदूज्वरात असंच काहीसं घडतं. विषाणू मेंदूत शिरतो आणि पेशी मारतो, हे खरंच. पण त्याला जाळायला आपली रोगप्रतिकारशक्ती जी आग पेटवते, तिची झळ मेंदूच्या पेशींनाही बसते. या आगीला वैद्यकात दाह म्हणतात. गुडघ्याला दाह झाला तर गुडघा सुजतो आणि उतरतोही. मेंदू हाडाच्या पेटीत बंद आहे, त्याला सुजायला जागा नाही. म्हणून तिथली आग एवढी महागात पडते.

या आगीचा मोजता येणारा पुरावा म्हणजे बायोमार्कर. शब्द जड आहे, पण ताप बघायला थर्मामीटर लावतो तेव्हा आपण बायोमार्करच मोजत असतो. मेंदूत थर्मामीटर घालता येत नाही, म्हणून पाण्यातल्या खुणा मोजायच्या.

रिपोर्टमधले तीन आकडे

नमुना येतो तो तीन छोट्या नळ्यांत. मी पहिली नळी ट्यूबलाइटसमोर धरते आणि मागे छापील कागद धरते. निरोगी पाणी इतकं नितळ असतं की कागदावरचं बारीक अक्षरसुद्धा जसंच्या तसं वाचता येतं. पेजेसारखं गढूळ दिसलं तर छातीत धस्स होतं, कारण ते सहसा जिवाणूंचं काम असतं. टीबी असेल तर नळी काही तास ठेवल्यावर कधीकधी आत कोळिष्टकासारखी जाळी धरते.

मग आखीव काचेवर एक थेंब सोडून चौकोन चौकोन करत पांढऱ्या पेशी मोजायच्या. हे तासाभरात करावं लागतं, कारण नंतर पेशी फुटायला लागतात आणि आकडा खोटा येतो. निरोगी मोठ्या माणसात एका घनमिलिमीटरमध्ये पाचपर्यंत पेशी असतात. विषाणूच्या दाहात त्या दहा-वीसपासून काही शेपर्यंत जातात, आणि पहिला दिवस-दोन दिवस सोडले तर त्यात लिम्फोसाइट नावाच्या पेशी जास्त असतात. जिवाणूच्या दाहात आकडा हजारात जाऊ शकतो आणि त्यात न्यूट्रोफिल जास्त असतात. सुई जाताना बारीक शीर फुटली तर रक्त मिसळतं आणि पेशी उगाच जास्त दिसतात. तीन नळ्या त्यासाठीच. पहिली लालसर आणि तिसरी स्वच्छ असेल तर रक्त सुईचं, तिन्ही सारख्याच लाल असतील तर आत खरंच रक्तस्राव झाला असावा.

दुसरा आकडा साखरेचा. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते. विषाणूत ती बहुधा तेवढीच राहते, जिवाणूत आणि टीबीत घसरते. म्हणून त्याच वेळी बोटातून किंवा हातातून रक्तही घेतात. नातेवाईकांना वाटतं, पाणी काढलंच आहे तर रक्त कशाला? त्या रक्ताशी ताडून बघितल्याशिवाय पाण्यातल्या साखरेचा अर्थ लागत नाही. हा आकडा जीव वाचवणारा आहे, कारण टीबीतही लिम्फोसाइटच जास्त असतात आणि विषाणू समजून टीबी सुटला तर मूल हातचं जातं.

तिसरा आकडा प्रथिनांचा, म्हणजे प्रोटीनचा. मोठ्या माणसात १०० मिलीमध्ये साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, त्या रक्तातलं सगळं आत जाऊ देत नाहीत. दाहानं भिंतीला फटी पडल्या की प्रथिनं पाझरतात. त्यातही अल्ब्युमिन हे प्रथिन फक्त यकृत बनवतं. ते पाण्यात जास्त सापडलं तर ते रक्तातूनच आलं, म्हणजे भिंत गळते आहे, असं थेट म्हणता येतं.

हे तीन आकडे एकत्र वाचायचे असतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता भागात गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची, साथ आली तेव्हा हे अनेकांनी अनुभवलं. तिथे आग मेंदूत नसते, हातापायांकडे जाणाऱ्या नसांच्या मुळाशी असते. तिला निमित्त बहुतेकदा आतड्यातला संसर्ग होतो, पुण्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. जीबीएसची पाण्यातली खूण अशी की प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र जवळपास नॉर्मल. १९१६ मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या पाण्यात हीच विसंगती टिपली होती. इतक्या वर्षांनंतर आजही ती निदानाला उपयोगी पडते. पहिल्या आठवड्यात ती दिसेलच असं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

रक्त तपासून का भागत नाही?

हा प्रश्न रास्त आहे, मुलाच्या पाठीत सुई कोणाला हवी असते? पण रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरात कुठेही दाह झाला की वाढणारं एक प्रथिन, जो हल्ली साध्या तापातही तपासतात, तो अख्ख्या शरीराचा गोंगाट सांगतो. मेंदू त्या घट्ट भिंतीआड आहे. आत वणवा असताना बाहेर सीआरपी जेमतेम वाढलेला असू शकतो, आणि न्यूमोनियानं सीआरपी खूप वाढलेला असताना मेंदू ठणठणीत असू शकतो.

जपानी मेंदूज्वराचं उदाहरण घ्या. या विषाणूविरुद्ध शरीर आयजीएम नावाच्या अँटीबॉडी बनवतं. त्या रक्तात सापडल्या तर लस किंवा नुकताच होऊन गेलेला साधा संसर्गही कारण असू शकतो. पण आयजीएमचा रेणू आकारानं फार मोठा, भिंतीतून सहजी आत जात नाही. तो पाण्यात सापडला तर बहुधा आतच तयार झाला, म्हणजे लढाई मेंदूत चालली आहे. म्हणून या आजारात पाण्यातली आयजीएम तपासणी एवढी महत्त्वाची. पुण्याची एनआयव्ही या तपासणीचे संच तयार करते आणि ते देशभर वापरले जातात. संसर्गाच्या पहिल्या दिवसांत ही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा नमुना मागतात. पहिला नमुना वाया गेला असं समजू नका.

विषाणू सापडला, औषध दिलं, मग खुणा कशाला मोजायच्या?

विषाणू गेला तरी आग धुमसत राहू शकते. मला हा लेख लिहावासा वाटला तो यासाठीच.

हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा मेंदूज्वर बघा. यावर असायक्लोव्हिर हे चांगलं औषध आहे, आणि संशय आला की रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करतात. पण काही रुग्ण बरे होऊन घरी जातात आणि काही आठवड्यांनी पुन्हा बिघडतात. मूल विचित्र हातवारे करू लागतं, मोठं माणूस चिडचिडं होतं, भास होतात. घरच्यांना वाटतं विषाणू परतला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या एका अभ्यासात हर्पिस मेंदूज्वराच्या ५१ रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या १४ जणांना नंतर नवा त्रास झाला, आणि त्यांच्यात स्वतःच्याच मेंदूच्या पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. विषाणूनं फोडलेल्या पेशींचे तुकडे बघून शरीरानं आपल्याच मेंदूला शत्रू ठरवलं होतं. इथे विषाणूचं औषध कितीही वाढवलं तरी उपयोग नाही, शरीराची आग आवरणारे उपचार लागतात. दोन्हींतला फरक पाण्याच्या तपासणीतूनच कळतो.

दुसरं उदाहरण जपानचं. दक्षिण जपान आणि कॅरिबियन बेटं इथे एचटीएलव्ही-१ हा विषाणू बऱ्याच लोकांत आढळतो. आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून, रक्तातून तो पसरतो आणि जन्मभर राहतो. जगात त्याचे वाहक ५० लाख ते १ कोटी असावेत असा अंदाज आहे. बहुतेकांना त्यातून काहीच होत नाही. थोड्यांच्या मज्जारज्जूत मात्र दाह सुरू होतो, पाय हळूहळू ताठर होतात, लघवीवर ताबा राहत नाही. १९८० च्या दशकात मार्तिनिक बेटावर आणि जपानच्या कागोशिमात या आजाराचा विषाणूशी संबंध लक्षात आला. एकाचा आजार दोन-तीन वर्षांत चाकाच्या खुर्चीपर्यंत नेतो, दुसऱ्याचा वीस वर्षं जवळपास तिथेच असतो. विषाणू दोघांतही आहे. मग जोरदार औषध कोणाला द्यायचं?

जपानी डॉक्टरांनी यासाठी पाण्यातल्या दोन खुणा धरल्या. एक सीएक्ससीएल-१०. ही पेशींनी मारलेली हाक आहे, "इकडे आग लागली, धावा". ती ऐकून लढाऊ पेशी रक्तातून आत येतात, त्या आल्या की आणखी हाका उठतात. दुसरी खूण निओप्टेरिन. लढाऊ पेशींनी चिथावलं की भक्षक पेशी ते सोडतात, हा त्या आगीचा धूर म्हणा. हाक आणि धूर दोन्ही जास्त असतील तर आजार वेगानं वाढण्याची भीती, तिथे स्टिरॉइडचा जोरदार उपचार. दोन्ही कमी असतील तर स्टिरॉइडचे दुष्परिणाम पत्करण्यात अर्थ नाही. विषाणू तोच, निदान तेच, आणि तरीही दोन रुग्णांचे उपचार वेगळे. ते ठरवायला या दोन खुणांचा आधार मिळतो.

निओप्टेरिनचा धूर एचआयव्हीतही दिसतो. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, नियमित घेणाऱ्यांच्या पाण्यात तो खूप खाली येतो. काहींमध्ये मात्र रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला तरी तो किंचित चढाच राहतो, म्हणून एचआयव्ही आणि विसरभोळेपणाचा संबंध अजून अभ्यासला जातो. गोळ्या चुकवल्या तर हा धूर पुन्हा दाटतो, हे इथे आवर्जून सांगते.

आणि राख?

धूर सांगतो आग चालू आहे. किती जळलं हे राख सांगते. मज्जापेशींच्या लांब तंतूंना आतून आधार देणारं एक प्रथिन असतं, न्यूरोफिलामेंट लाइट. तंतू तुटला की ते पाण्यात सांडतं, आणि त्यातलं थोडं रक्तातही पोचतं. अलीकडे यंत्रं इतकी बारीक झाली आहेत की रक्तातलं हे नगण्य प्रमाणही मोजता येतं. पाठीत सुई न घालता नुकसान मोजायची ही वाट आहे, म्हणून डॉक्टरांना तिच्याकडून बऱ्याच आशा आहेत.

पण राखेवरून आग कोणी लावली ते कळत नाही. न्यूरोफिलामेंट मेंदूज्वरात वाढतं, पक्षाघातात वाढतं, डोक्याला मार लागला तरी वाढतं, आणि वयानुसारही हळूहळू वाढत जातं. एकट्या या आकड्यावरून कोणी निदान सांगत असेल तर मान्य करू नका.

आग आहे तर सगळ्यांना स्टिरॉइड का देत नाहीत?

कारण धुऱ्यावरची आग विझवायला गेलो आणि कचरा तसाच राहिला, असंही होतं. विषाणूला रोखणारी तीच आग आहे. जपानी मेंदूज्वरात डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देऊन बघण्याची चाचणी थायलंडमध्ये झाली होती, १९९२ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि फायदा दिसला नाही. एचटीएलव्हीच्या काही रुग्णांत मात्र स्टिरॉइड उपयोगी पडतं. कोणत्या आजारात, कोणत्या दिवशी, किती आग, यावर सगळं अवलंबून आहे.

रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे काही नाही ना?

चांदीपुरानं इथेच डॉक्टरांना चकवलं. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातल्या मोठ्या साथीत १८३ मुलं गेली, त्यातली कितीतरी लक्षणं दिसल्यापासून एक-दोन दिवसांत. अशा मुलांच्या पाण्यात पुष्कळदा पेशी फारशा वाढलेल्या नसतात. इतक्या झपाट्यानं सगळं घडतं की पेशी आत पोचायलाही सवड मिळत नाही, असं मला वाटतं, आणि या आजारात नेमकं काय बिघडतं यावर तज्ज्ञांत वादही झाला आहे. म्हणून मूल गुंगीत असेल, झटके येत असतील, तर नॉर्मल रिपोर्टकडे बघून घरी न्यायची घाई करू नका. डॉक्टर आकड्यांच्या आधी मुलाकडे बघतात.

या तपासण्या आपल्याकडे होतात का?

पेशी, साखर, प्रथिनं कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होतात आणि त्यांचा खर्च फार नसतो. सीएक्ससीएल-१०, निओप्टेरिन यांसारख्या खुणा आपल्याकडे अजून मुख्यतः संशोधनात वापरतात. पहिल्या रात्रीचे निर्णय साध्या तीन आकड्यांवरच होतात, आणि ते अचूक यायला नमुना ताजा लागतो. नातेवाइकांच्या हाती नळ्या दिल्या असतील तर वाटेत चहाला थांबू नका, थेट खिडकीवर द्या आणि कोणी हातात घेतल्याशिवाय हलू नका.

शेवटी एक काम घरच्यांचं. डिस्चार्ज कार्डाबरोबर पाण्याचा हा रिपोर्टही प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा. दोन महिन्यांनी मूल पुन्हा वेगळं वागू लागलं, झोप उडाली, बोलणं अडखळलं, तर तो कागद घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा. तेव्हा नवं पाणी जुन्याशी ताडून बघता येईल.